व्यायाम आणि घरखर्च: देवळीच्या संदर्भात

व्यायामाचा घराच्या अर्थकारणाशी संबंध मुख्यतः दोन वाटांनी येतो: टळलेला औषधखर्च आणि न बुडालेली मजुरी. वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही प्रमुख पिके. पेरणी, निंदण, वेचणी यांच्या दिवसांत माणूस आजारी पडला, तर रोजी जाते आणि उपचाराचा खर्चही अंगावर येतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांवर आहे. मधुमेह, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या मात्र बहुधा खिशातूनच घ्याव्या लागतात, आणि हाच खर्च घराला हळूहळू पोखरतो. नियमित व्यायामाने या दोन्ही विकारांचा धोका कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम करावेत. शेतकामही त्यात धरले जाते. पण ते हंगामी असते, आणि दुकानात वा कार्यालयात बसणाऱ्यांच्या वाट्याला तेही येत नाही. तसा व्यायाम देवळीला नवा नाही; गावाला कुस्तीची ओळख आहे. 2014 आणि 2019 मध्ये वर्ध्याचे खासदार झालेले रामदास तडस इथलेच पहिलवान. अर्थात व्यायामाने कापसाचा भाव वाढत नाही, कर्जही फिटत नाही. झपझप चालायला मात्र पैसे लागत नाहीत. उन्हाळ्यात त्यासाठी पहाटेची वेळ निवडावी.