शिंपल्यांच्या दहा सरी अन् एक लग्न. सॉलोमन बेटांवरचं 'ताफुलिआए' आहे तरी काय?

एखादी वस्तू फारच स्वस्तात गेली की आपण म्हणतो, 'कवडीमोल' विकली. आपल्या बाजारातून कवडी केव्हाच गेली, शब्द तेवढा राहिला. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर मात्र शिंपल्यांचा पैसा आजही चालतो. देशाचं अधिकृत चलन डॉलर आहे. पण मलाइता बेटावर अनेक घरांत लग्न ठरलं की शिंपल्यांच्या माळा मोजल्या जातात.

माळ कशी बनते?
या माळेला 'ताफुलिआए' म्हणतात. माणसाच्या उंचीएवढ्या किंवा त्याहून लांब अशा दहा सरी एकत्र बांधल्या की एक ताफुलिआए होते. लांगालांगा खाडीकाठची गावं यासाठी प्रसिद्ध आहेत. शिंपले फोडायचे, दगडावर घासून गोल करायचे, भोक पाडायचं, दोऱ्यात ओवून पुन्हा घासायचं. हे बहुतेक काम बायका करतात. लाल मण्यांना सर्वाधिक मान. तो रंग खुलावा म्हणून शिंपले तापवतात. जवळपासचे लाल शिंपले कमी झाल्याने आता ते दुसऱ्या बेटांवरूनही विकत आणावे लागतात.

देतो कोण, घेतो कोण?
हुंड्याच्या उलट, इथे मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. आपल्याकडेही काही समाजांत 'देज' द्यायची चाल होती, तसंच हे. माळा नवरदेव एकटा जमवत नाही. भाऊबंद, मामा, काका आपापला वाटा घालतात. मुलीकडेही त्या नातेवाइकांत वाटल्या जातात. म्हणजे देणंघेणं दोन घरांचं होतं, अन् पुढच्या लग्नात त्याची परतफेड असते. नवरी स्वतः शिंपल्यांच्या माळा, पट्टे घालून सजते. रंगीत तंतूंचं विणकाम केलेल्या लाकडी फण्या ही मलाइताची आणखी एक ओळख.

वाद कशावरून?
माळांसोबत रोख रकमेचीही मागणी होते. त्यामुळे मुलाकडच्यांवर बोजा येतो. त्याहून गंभीर म्हणजे, 'मोजून आणली आहे' म्हणत काही नवरे बायकोवर हक्क गाजवतात, हातही उगारतात. जुनी माणसं म्हणतात, हा मुलीचा मान आहे, किंमत नव्हे. फरक मोठा आहे. पण ज्या बाया हे मणी दिवसभर घासतात, त्यांच्याच लेकींना तो सासरी सिद्ध करावा लागतो, खरा प्रश्न तिथे आहे.