दूर गेल्यावर दिसणारी माती

आमच्या बिदरच्या शाळेत मुलांना निसर्गचित्र काढावयास सांगितले, की बहुतेक कागदांवर दोन हिरवे डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य आणि नारळाचे झाड उमटते. खिडकीबाहेर मात्र जांभ्या दगडाचे तांबडे पठार पसरलेले असते! जवळचे असे दिसेनासे का व्हावे? याचे उत्तर चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या आयुष्यात शोधता येईल.

रझा यांचा जन्म १९२२ सालचा, आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातला. वडील वनखात्यात असल्याने बालपण जंगलाच्या सान्निध्यात गेले. नागपूर व मुंबई येथे कलाशिक्षण घेऊन त्यांनी मुंबईचे रस्ते आणि काश्मीरची दृश्ये रंगविली. १९४८ साली काश्मीरमध्ये भेटलेले फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सेझानच्या चित्रांतील बांधणी अभ्यासण्यास सुचविले. १९५० साली रझा पॅरिसला गेले आणि आयुष्याची सुमारे साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले.

तेथे त्यांनी आरंभी फ्रान्समधील खेडी व घरे रंगविली. पुढे भारताच्या वाऱ्या वाढल्या, तसतशी चित्रांतील घरेदारे विरली. उरला तो तापल्या मातीचा लाल-पिवळा रंग, रानातील रात्रीचा काळोख आणि अखेर काळा बिंदू. चंचल रझांना लहानपणी गुरुजींनी भिंतीवरील ठिपक्याकडे पाहत बसविले होते. ती आठवण ते आवर्जून सांगत.

परदेशाने येथे दोन गोष्टी केल्या. चित्र बांधण्याची शिस्त दिली. आणि दुराव्यामुळे स्मृतीतील किरकोळ तपशील गळून सारभूत तेवढे उरले. मात्र नुसत्या प्रवासाने हे साधत नाही. रझा पुनःपुन्हा मायदेशी येऊन आठवण प्रत्यक्षाशी ताडून पाहत राहिले. २०१० साली ते कायमचे परतले. २०१६ साली निधनानंतर मंडल्यातच त्यांचे दफन झाले.

पॅरिस सर्वांनाच कोठून लाभणार? परंतु कलबुर्गीकडील काळ्या रानातल्या आजोळी सुट्टी घालवून आलेल्या एका मुलीने यंदा बिदरची जमीन प्रथमच तांबडी रंगविली. “गुरुजी, तिकडची माती काळी आहे, म्हणून आपली लाल दिसली,” असे ती म्हणाली. मुलांना गाव सोडून जावेच लागेल. जाताना ही नजर त्यांच्या सोबत असावी, एवढे तरी आपण शिक्षकांनी पाहावे.