पहाटे चर्र करणारा खांब

‘सोनोग्राफी’ म्हटलं की आपल्या बायकांच्या डोळ्यांपुढे एकच खोली येते. पोटावर लावलेली ती गार जेली, पडद्यावरची काळी-पांढरी हालचाल आणि भिंतीवर गर्भलिंग निदान बंदीची पाटी. या यंत्राचा गैरवापर होऊन आमच्या मराठवाड्यात किती घरांत काय काय झालं, ते इथे पुन्हा सांगत नाही. पण मैत्रिणींनो, सोनोग्राफीत जो कानाला न ऐकू येणारा आवाज वापरतात, त्याच जातीच्या आवाजावरून विजेच्या उपकरणातला बिघाडही आधीच ओळखता येतो.

गंमत म्हणजे हे तंत्र बाईच्या तपासणीसाठी आलं तेच मुळी कारखान्यातून. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घातल्या आणि थेट एका बॉयलरच्या कारखान्यात नेल्या. पोलादातल्या भेगा शोधायला तिथे हे यंत्र वापरत. कोणती गाठ पाण्याची आणि कोणती घट्ट, ते त्यावर वेगवेगळं उमटलं. १९५८ मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि पुढे जगभर सोनोग्राफी रुजली. म्हणजे आधी लोखंड, मग आपण! जालन्यासारख्या सळयांच्या गावात राहणाऱ्या मला ही गोष्ट फार आवडली.

आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यावरचा तो श्राव्यातीत ध्वनी. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द आहे, वटवाघळाच्या चित्राशेजारी. सोनोग्राफीचं यंत्र असा आवाज शरीरात सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी टिपतं. विजेची तपासणी करणारं यंत्र मात्र स्वतः काही सोडत नाही, ते नुसतं ऐकतं.

काय ऐकतं? खांबावर तारेखाली चिनीमातीच्या बुटक्या बरणीसारखं जे बसवलेलं असतं, तो इन्सुलेटर. तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून तो असतो. त्याला तडा गेला, त्यावर धूळ-काजळीचा थर बसला, की वीज पृष्ठभागावरून सरपटायला लागते किंवा भोवतालच्या हवेत झिरपते. बारीक बारीक ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगीने हवा हलते, पण त्यातला बराचसा आवाज आपल्या कानाच्या पट्टीच्या वर असतो. यंत्र साधारण ४० हजार कंपनांच्या आसपासचा आवाज पकडतं आणि तो खाली उतरवून हेडफोनमध्ये ऐकवतं. शिवाय इतका उंच आवाज चहूकडे पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. त्यामुळे यंत्र फिरवता फिरवता दहा इन्सुलेटरांतला नेमका कोणता खराब, हे सापडतं.

जाणकार माणूस नुसत्या आवाजावरून आजार ओळखतो. हवेत वीज झिरपत असेल तर एकसारखी चुरचुर येते. पृष्ठभागावरून सरपटत असेल तर आवाज वाढत जातो, एकदम थांबतो, पुन्हा सुरू होतो. आणि थेट ठिणगी उडत असेल तर कडाड, मध्येच शांत, पुन्हा कडाड. उडीद फोडणीत तडतडतात की मोहरी, हे आपण पाठमोऱ्या उभ्या राहूनही ओळखतोच की!

अंबड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. विषय होता पिठाच्या गिरणीचा. एक मावशी मध्येच म्हणाल्या, “ताई, पहाटं सडा टाकायला उठते तवा डीपीच्या खांबावर चर्रर्र वाजतंय. दुपारी मानूस बघून गेला, त्याला काहीच ऐकू आलं नाही. घरचे म्हनतेत, तुझेच कान वाजतेत.” बाकीच्या हसल्या. पण मावशींचंही खरं होतं आणि त्या माणसाचंही. हिवाळ्यात पहाटे दव पडतं, इन्सुलेटरवरची धूळ ओली होते आणि ओल्या धुळीतून वीज वाट काढते. ऊन चढलं की थर वाळतो, खांब गप्प! उन्हाळाभर साठलेल्या धुळीवर पहिली भुरभुर पडते तेव्हाही असंच होतं. जोराचा पाऊस आला की उलट सगळं धुऊन निघतं.

आता कुणी म्हणेल, त्यासाठी उष्णता दाखवणारा कॅमेरा असतोच की. असतो, आणि सैल झालेला, तापलेला जोड त्यात झकास दिसतो. पण हवेत झिरपणारी वीज फारशी उष्णता करत नाही, आणि तो कॅमेरा बंद लोखंडी कपाटाच्या आतलं पाहू शकत नाही. आवाज मात्र दाराच्या फटीतून बाहेर येतो. आमच्या एमआयडीसीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यांना प्रचंड वीज लागते. अशा ठिकाणच्या उच्च दाबाच्या बंद पॅनेलमध्ये ठिणगीचा स्फोट झाला तर क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त तापमान होतं. समोर उभ्या माणसाला पळायला वेळच मिळत नाही. म्हणून दार उघडण्याआधी फटीशी यंत्र धरून ऐकायचं. आसपासच्या गावांतून पाळीला जाणारी माणसं आपल्याच घरातली आहेत, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

हे यंत्र सगळ्यावरचा उपाय आहे, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली, ते आठवलं की अजून काटा येतो. दवाखान्यातल्या किंवा घरातल्या २३० व्होल्टच्या उपकरणांसाठी वायरिंग, अर्थिंग आणि तापलेल्या जोडांची तपासणीच आधी हवी. घरात हवेत वीज झिरपत नाही, पण सैल पिनेत ठिणगी उडते. स्टॅबिलायझरचा संथ गुंगुं आवाज नेहमीचाच. बोर्डातून मात्र चर्रचर्र आली, प्लगची पीन काळी पडली, जळका वास आला, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. टेप लावून दिवस ढकलू नका.

खांब किंवा डीपी वाजत असेल तर जवळ जाऊन बघायचं नाही, काठी लावायची नाही, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवायचं. १९१२ वर तक्रार करताना नुसतं “आवाज येतो” म्हणू नका. किती वाजता, दव होतं की भुरभुर, आवाज एकसारखा की थांबून थांबून, हे सांगा. तपासायला येणाऱ्याने दुपारऐवजी पहाटे यावं, हे त्याला त्यावरूनच कळेल. मावशींना मी हेच सांगितलं, आणि वेळ लिहून ठेवायला त्यांच्या नातीला वही दिली.

ही नात यंदा दहावीला आहे. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री या ट्रेडना मुलींसाठी राखीव जागा असतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या उषा जगदाळे यांचा विजेच्या खांबावर चढून काम करतानाचा व्हिडिओ खूप जणींनी पाहिला असेल. मावशींनी तो नातीच्या मोबाईलवर दोनदा पाहिला आणि विचारलं, “फॉर्म कधी निघत्यात?”