लाल-हिरव्या झेंड्याचा आमदार

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारं लोहखनिज दल्ली राजहराच्या डोंगरातून येतं. जनकलाल ठाकूर या आमदाराची गोष्टही तिथलीच. १९८५ मध्ये आदिवासींसाठी राखीव असलेल्या डौंडी लोहारा मतदारसंघातून ते मध्य प्रदेश विधानसभेत निवडून गेले. पाठीशी ना काँग्रेस, ना भाजप. होते ते खाणकामगार, आणि त्यांचा छत्तीसगड मुक्ती मोर्चा.

पडद्यामागे होते शंकर गुहा नियोगी. एके काळी ते भिलाईच्याच कारखान्यात कोक ओव्हनवर काम करायचे. चळवळीपायी नोकरी गेली. आणीबाणीचा तुरुंगवास भोगून १९७७ मध्ये सुटले, तेव्हा दल्लीच्या ठेक्यावरच्या कामगारांनी त्यांना बोलावून नेलं. कायम कामगाराला बोनस ३०८ रुपये आणि ठेक्यावरच्याला ७०, हा तिथला न्याय. पावसाळ्यापूर्वी झोपडी नीट करायला बांबू-बल्लीचे १०० रुपये द्या, एवढंच मागणं होतं. त्यापायी २ आणि ३ जूनला गोळीबार झाला आणि ११ जण गेले.

जनकलालांचा विजय मतदानाच्या दिवशी घडला नाही, असं मला ठामपणे वाटतं. संघटनेनं वस्त्यांमधली दारू सोडवली होती. खाणीत पूर्ण यांत्रिकीकरण आलं तर हातचं काम जाईल, म्हणून अर्ध-यांत्रिकीकरणाचा स्वतःचा आराखडा कारखान्यापुढे ठेवला होता. संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात उपचारांवाचून गेल्या, तेव्हा कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून दवाखाना उभारायचं ठरवलं. ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालय सुरू झालं. निवडणूक त्यानंतर दोन वर्षांनी आली. मोर्चाच्या झेंड्यातला लाल रंग कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. हा झेंडा तोवर घराघरात ओळखीचा झाला होता.

१९९० मध्ये जागा गेली. नेमका तोच काळ सर्वांत कठीण ठरला. भिलाईच्या खाजगी कारखान्यांतले कामगार कायम नोकरी आणि जगण्यापुरती मजुरी मागत होते. आपल्याला मारण्याचा बेत शिजतोय, हे नियोगींना कळलं होतं. तसं त्यांनी कॅसेटवर बोलून ठेवलं होतं. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीत, झोपेतच त्यांना गोळ्या घातल्या. पुढे सत्र न्यायालयानं दोषी ठरवलेले उद्योगपती वरच्या न्यायालयांत सुटले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप दिली ती फक्त गोळी झाडणाऱ्याला. त्याआधी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाई पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून जास्त कामगार मेले, आणि भोपाळच्या सभागृहात त्यांच्या वतीनं उभं राहायला मोर्चाचा एकही आमदार नव्हता.

१९९३ मध्ये लोकांनी जनकलालांना पुन्हा निवडून दिलं. नेता मारला गेल्यावरही संघटना उभी होती, हे त्या निकालानं दाखवलं. १९९८ मध्ये जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. शहीद रुग्णालय मात्र दल्ली राजहरात आजही चालू आहे.