इंजिन तेच, आकडे वेगळे: ईसीयू कॅलिब्रेशनची समान भाषा

आजच्या भागात बोलूया गाडीच्या ईसीयूबद्दल, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरबद्दल. इंधन किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे सगळं तो ठरवतो. पण कशावरून? तर त्याच्या मेमरीत भरलेल्या तक्त्यांवरून. एका बाजूला इंजिनचा वेग, दुसऱ्या बाजूला लोड आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. असे हजारो आकडे असतात. प्रोग्राम तोच ठेवून हे आकडे त्या इंजिनला चपखल बसवायचे, याला म्हणतात कॅलिब्रेशन. मायलेज, पिकअप, धूर, सगळं त्यावर ठरतं.

आता जरा हिशेब करू. समजा, सहा गोष्टी बदलायच्या आहेत आणि प्रत्येकीच्या दहा किमती तपासायच्या आहेत. झाल्या दहा लाख जोड्या. एका जोडीला एक मिनिट धरलं, तरी इंजिन दिवसरात्र ६९४ दिवस चालवावं लागेल. जवळजवळ दोन वर्षं! म्हणून सगळ्या जोड्या कुणी तपासत नाही. संख्याशास्त्र वापरून मोजके बिंदू निवडतात, त्यांवरून इंजिनचं गणिती मॉडेल बनवतात आणि उत्तम आकडे त्या मॉडेलवर शोधतात. तरीही ते मोजके बिंदू शेकड्यांत जाऊ शकतात. तेव्हा मोजण्याचं काम रात्रभर आपोआप चाललं, तरच परवडतं.

आणि खरी गोम इथेच आहे. या कामात तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर लागतात. पहिलं ठरवतं, पुढचा बिंदू कोणता. उदाहरणार्थ एव्हीएलचं कॅमिओ. दुसरं टेस्ट बेड सांभाळतं, म्हणजे डायनोवर इंजिन हव्या त्या वेगाला आणि लोडला धरून ठेवतं. जसं एव्हीएलचंच प्यूमा. तिसरं ईसीयूच्या आत शिरून आकडे बदलतं. जसं ईटासचं इंका किंवा व्हेक्टरचं कॅनेप. कंपन्या वेगळ्या, मग यांनी एकमेकांशी बोलायचं कसं?

समजा, बाजारात टेस्ट बेडची पाच सॉफ्टवेअर आहेत आणि कॅलिब्रेशनची सहा. प्रत्येक जोडीसाठी वेगळा दुवा लिहायचा म्हटलं, तर ३० दुवे झाले. त्यातलं एक सॉफ्टवेअर अपडेट झालं की त्याचे सगळे दुवे पुन्हा तपासा. पण सगळ्यांनी एकच भाषा मान्य केली, तर प्रत्येकाने ती एकदाच शिकायची. ३० च्या जागी ११.

हे दुखणं जर्मन कार कंपन्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओळखलं आणि एकत्र बसून असॅप नावाचा गट केला. १९९८मध्ये त्यातून असॅम ही संस्था उभी राहिली. तिच्या मानकांचे तीन थर लक्षात ठेवा.

पहिला थर: ईसीयू आणि टूल यांच्यामधला प्रोटोकॉल, एक्ससीपी. हा २००३मध्ये आला. त्यातला ‘एक्स’ म्हणजे वाहतुकीचा मार्ग कोणताही चालेल, कॅन असो वा इथरनेट.

दुसरा थर: ए-टू-एल फाइल. ही ईसीयूच्या मेमरीचा नकाशा आहे. मेमरीत नुसतं ४० लिहिलंय. ते ४० काय? डिग्री, बार, की अजून काही? कोणता आकडा कुठल्या पत्त्यावर आहे, त्याचं एकक काय, रूपांतराचं सूत्र काय, मर्यादा किती, हे सगळं या फाइलमध्ये असतं. एक टप्पा पाऊण डिग्रीचा असेल, तर ते ४० म्हणजे ३० डिग्री.

तिसरा थर: टेस्ट बेड आणि कॅलिब्रेशन टूल यांच्यातला, असॅप-थ्री आणि पुढे आलेलं एमसीडी-थ्री. ‘हा आकडा इतका कर, ही मोजमापं दे’ अशा आज्ञा इथून जातात. बिंदू निवडणारं सॉफ्टवेअर आणि टेस्ट बेड यांच्यासाठी एसीआय नावाचं मानक वेगळं आहे.

कागदावर सोपं वाटतं, पण बारकाव्यात सगळं अडकतं. ईसीयूचं सॉफ्टवेअर नवीन आणि ए-टू-एल जुनी असली, तर पत्ते सरकलेले असतात. ठिणगीचा आकडा बदलायला जाल आणि भलतंच काही बदलेल. म्हणून फाइलमध्ये ईपीके नावाची एक ओळखखूण ठेवता येते. टूल ती ईसीयूमधल्या खुणेशी जुळवून बघतं. दुसरी गोष्ट नॉकिंगची. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन नॉक करतं, पिस्टनला इजा होऊ शकते. रात्री तिथे माणूस नसेल, तर मर्यादा ओलांडताच मागे फिरायचं कामही यंत्रणेनेच करायला हवं. नुसती आज्ञा पोचून भागत नाही, ‘थांब’ हेही वेळेत पोचावं लागतं.

आपल्याकडे याची गरज वाढतेच आहे. १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहा लागू झालं आणि डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८०वर आली. २०२३पासून प्रत्यक्ष रस्त्यावरचं उत्सर्जनही मर्यादेत ठेवावं लागतं. लॅबमधली ठराविक सायकल सांभाळली की झालं, असं आता नाही. घाट, ट्रॅफिक, ऊन, सगळ्या परिस्थितींत आकडे टिकायला हवेत.

पण एक लक्षात ठेवा. इंटरफेस आकडा पोचवतो, तो प्रामाणिक आहे का हे बघत नाही. सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं. चाचणी चालू आहे हे गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं उत्सर्जन कमी ठेवायचं. रस्त्यावर मात्र ते कायदेशीर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जायचं. जगभरातल्या सुमारे १.१ कोटी गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं. इंजिन तेच, रस्त्यावर आकडे वेगळे! मशीनला ‘काय उत्तम’ हे माणूसच सांगतो. मायलेज हवं, की लोकांच्या फुप्फुसात जाणारी हवा स्वच्छ हवी, की दोन्ही?

तुमच्यापैकी कुणाला चाकण-पिंपरीकडे या क्षेत्रात शिरायचं असेल, तर एका टूलची बटणं पाठ करण्याआधी एक्ससीपी आणि ए-टू-एल समजून घ्या. टूल कंपनीगणिक बदलेल, भाषा तीच राहील. प्रश्न असतील तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!