ठपका न ठेवणारी बारा वर्षं

एखादं काम फसलं की आपल्याकडच्या कचेऱ्यांत आधी फायली हलायला लागतात. कोणाची सही कुठे आहे ते तपासलं जातं. वरचा खालच्याकडे बोट दाखवतो, खालचा त्याच्याही खालच्याकडे. अखेर ठपका ठेवायला एक मान सापडते आणि प्रकरण मिटतं. बिघाड मात्र जिथल्या तिथे राहतो. तरीही साहेबाला दरारा हवाच, सौम्य साहेब म्हणजे कमकुवत साहेब, हा समज काही सुटत नाही. ‘मऊ सापडलं म्हणून कोपरानं खणू नये’ ही म्हण आपण खणणाऱ्याला सांगतो, पण मनातून मऊ असणाऱ्यालाच दोष देतो.

या समजाची परीक्षा पाहायची तर भारतीय अंतराळ कार्यक्रमाची १९७२ ते १९८४ ही बारा वर्षं उलगडून पाहावीत. प्रा. सतीश धवन तेव्हा इस्रोचे अध्यक्ष होते.

सुरुवात पोरकेपणाने झाली. ३० डिसेंबर १९७१ रोजी हा कार्यक्रम उभा करणारे विक्रम साराभाई कोवळम इथे अचानक गेले. केरळातल्या थुंब्याच्या किनाऱ्यावर, अग्निबाणांच्या तळासाठी त्यांनी जमवलेली माणसं तरुण होती आणि त्यांच्या शब्दाखातर आलेली होती. त्यात आपलीही काही मंडळी होती. या तळाची जागा निवडण्याच्या कामापासून साराभाईंसोबत असलेले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, २१ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्या अग्निबाणाच्या चमूतले पुण्याचे प्रमोद काळे, आणि ब्रिटनमधलं काम सोडून आलेले वसंत गोवारीकर. साराभाई प्रत्येकाला मोकळं रान देत. त्यामुळे उत्साह भरपूर होता, पण प्रत्येक गटाचा संसारही वेगळा होता. घरातला कर्ता गेला की भावाभावांत जे होतं, ते इथे व्हायला वेळ लागला नसता.

धवन तेव्हा अमेरिकेत कॅल्टेकमध्ये होते. श्रीनगरमध्ये जन्मलेला, लाहोरला शिकलेला, गणित आणि भौतिकशास्त्राच्या पदवीनंतर इंग्रजी साहित्यात एम. ए. करून मग अभियंता झालेला हा माणूस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा संचालक होता. इंदिरा गांधींनी अंतराळ कार्यक्रमाची धुरा देऊ केली, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या: मुख्यालय बंगळूरला असावं आणि विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडावं लागू नये. दोन्ही मान्य झाल्या. सौम्य माणूस अटी घालत नाही, असं कोणी म्हणू नये. त्यांनी मागितलं ते एवढंच, की आपलं शिकवण्याचं घर तुटू नये.

थुंब्यातल्या वेगवेगळ्या विभागांचं एक विक्रम साराभाई अंतराळ केंद्र झालं आणि त्याच्या संचालकपदी धातुशास्त्रज्ञ डॉ. ब्रह्मप्रकाश आले. अणुऊर्जा खात्यात नाव कमावलेला, वयाने आणि अनुभवाने मोठा माणूस. आपापल्या यंत्राच्या प्रेमात असलेल्या तरुण गटांना एका दावणीला बांधणं हे काम हुकूम काढून झालं नसतं. ब्रह्मप्रकाशांनी ते ऐकून घेत, समजूत घालत केलं. वर धवन आणि खाली ब्रह्मप्रकाश, दोघेही आवाज न चढवणारे, अशी जोडी जमली.

पण आवाज चढत नसे म्हणजे ढिलाई होती, असं नव्हे. केंद्रं वेगवेगळ्या गावी, मात्र प्रकल्प एकाच संचालकाच्या हाती, आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर जाणकारांच्या समितीपुढे झाडून तपासणी, ही घडी याच काळात बसली. कामाला कोणतीही सूट नव्हती, माणसाला होती. बहुतेक कचेऱ्यांत नेमकं याच्या उलट चालतं: काम कसंही खपतं, माणूस मात्र जोखला जातो.

मधल्या यशांची नोंद थोडक्यात केली तरी चालेल. बंगळूरच्या पीण्या भागातल्या औद्योगिक शेडमध्ये यू. आर. राव यांच्या चमूने घडवलेला आर्यभट उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून कक्षेत गेला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगातून सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचली आणि त्याची धुरा चिटणीसांकडे होती. यशाच्या दिवसांत मात्र कोणताही साहेब गोडच असतो. कस लागतो तो दिवस १० ऑगस्ट १९७९ ला उजाडला.

त्या दिवशी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ हा अग्निबाण झेपावला. २२ मीटर उंच, १७ टन वजन, प्रकल्प संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम. पहिला टप्पा नीट जळला, दुसरा भरकटला आणि ३१७ सेकंदांत सगळा खेळ बंगालच्या उपसागरात बुडाला. कित्येक वर्षांची मेहनत, सरकारचा पैसा, आणि बाहेर प्रश्नांच्या फैरी घेऊन उभे पत्रकार. त्यांच्यासमोर धवन स्वतः गेले. अपयशाची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखाच्या नात्याने त्यांनी अंगावर घेतली आणि आपली माणसं वर्षभरात हे करून दाखवतील असा भरवसा दिला. कलामांनी हा प्रसंग पुढे इतक्या वेळा सांगितला, की तो आता व्यवस्थापनाच्या वर्गातला धडा झाला आहे.

वर्षभराने, १८ जुलै १९८० रोजी, त्याच तळावरून ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. साराभाई केंद्राच्या संचालकपदी तोवर गोवारीकर आले होते. या वेळी धवनांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवलं. अपयशाच्या वेळी पुढे, यशाच्या वेळी मागे. गोष्ट इथेच संपवायची सवय आपल्याला लागली आहे.

पण या दोन पत्रकार परिषदांच्या मधे जे घडलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. अपयशाची कारणं शोधून झाल्यावर धवनांच्या अध्यक्षतेखाली बैठक बसली. तांत्रिक उत्तर हाती आलं होतं: दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप उघडी राहिली आणि त्यातलं नायट्रिक आम्ल आधीच गळून गेलं. उत्तर पुरेसं होतं. झडपेवर ठपका ठेवून सगळ्यांना घरी जाता आलं असतं. कलाम मात्र उठून उभे राहिले. उलटगणती सुरू असताना ही गळती दिसली होती, ती किरकोळ आहे असा निर्णय आपला होता, आपण उड्डाण थांबवायला हवं होतं, अशी कबुली त्यांनी सगळ्यांसमक्ष दिली.

जिथे नोकरी जाण्याची धास्ती असते, तिथे माणूस झडपेआड लपतो. ज्याची मान आधीच कोणीतरी सांभाळली आहे, तोच अशी कबुली देऊ शकतो. पुढच्या उड्डाणासाठी ही माहिती झडपेइतकीच महत्त्वाची होती. यंत्राचा दोष तपासणीत सापडतो. निर्णयाचा दोष निर्णय घेणाऱ्यानेच सांगावा लागतो. तो काढून घेण्याचं हत्यार दराऱ्याकडे नाही. सौम्यपणाला आपण सद्गुणांच्या यादीत टाकून मोकळे होतो, पण अग्निबाणाच्या धंद्यात ते एक कामाचं साधन होतं: खरी बातमी खालून वर लवकर पोचवणारी नळी.

या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचंही कारण नाही. १९८१ साली कलामांना पद्मभूषण मिळालं, तेव्हा काही सहकाऱ्यांच्या मनात अढी बसली, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. शेकडो हातांच्या कामावर एकाचं नाव लागलं की असं होतंच आणि प्रमुख कितीही मायाळू असला तरी ते त्याला पुसता येत नाही. पुढच्याच वर्षी कलाम संरक्षण संशोधनाकडे, हैदराबादला गेले. १९८४ मध्ये धवनही अध्यक्षपदावरून उतरले. पक्ष्यांचं उडणं हा त्यांचा जुना ध्यास. श्रीहरिकोटाशेजारच्या पुलिकत सरोवराचे पक्षी निरखणाऱ्या या वायुगतिशास्त्रज्ञाने पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. जानेवारी २००२ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी श्रीहरिकोटाच्या तळाला त्यांचं नाव दिलं गेलं.

सवय मात्र माणसामागे टिकली. एएसएलव्ही १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोनदा कोसळली. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी फसलं. दरवेळी समिती बसली, कारण शोधलं गेलं आणि पुढचं उड्डाण झालं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरल्यावर अध्यक्ष सोमनाथ यांनी ध्वनिक्षेपक प्रकल्प संचालक वीरमुथुवेल आणि सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना कालाहस्ती यांच्याकडे दिला, तेव्हा जुन्या माणसांना १८ जुलैची ती सकाळ आठवली असणार.

धवनांची गोष्ट आपल्यापर्यंत कलामांच्या तोंडून आली. सांभाळणारा बोलत नाही, ज्याला सांभाळलं तो जन्मभर सांगत राहतो. आणि त्याच कलामांनी त्या १० ऑगस्टची आणखी एक आठवण नोंदवली आहे. ती पत्रकार परिषदेइतकी गाजली नाही. उड्डाण फसल्यावर अनेक रात्रींची झोप थकलेली, कलाम खोलीवर जाऊन आडवे झाले. दुपार कलताना खांद्यावर कोणाचा तरी हळुवार हात लागला. उशाशी ब्रह्मप्रकाश बसले होते आणि जेवायला येतोस का, एवढंच विचारत होते. कलामांना नंतर कळलं, की ते त्याआधी दोनदा येऊन गेले होते. माणूस झोपलेला पाहून दोन्ही वेळा न उठवता परत फिरले होते, आणि तोवर त्यांनीही जेवण घेतलं नव्हतं.