बंद दार आणि भक्तांची टकटक

गाणाऱ्याच्या वेडाचे कौतुक गोमंतकाला नवे नाही. देवळातील सप्ताहात रात्र रात्र जागणाऱ्या आमच्या समाजाला ‘अवलिया’ हा शब्द फार प्रिय. कलावंताने लहर लागेल तेव्हा गावे, मैफल अर्ध्यावर टाकून निघून जावे आणि आपण त्याच्या कथा पुढील वीस वर्षे रंगवून सांगाव्यात, यात आम्हांला एक प्रकारची धन्यता वाटते. तसेच वर्तन शेजाऱ्याने केले तर तो वेडा ठरतो. गाणाऱ्याने केले तर अवलिया. हा भेद किती निष्ठुर असू शकतो, हे आम्हांला उमगले ते कोणा गोमंतकीय गवयामुळे नव्हे, तर सिड बॅरेट या इंग्रज रॉक गायकामुळे.

त्याची ओळख झाली हणजुणच्या बुधवारच्या बाजारात. परदेशी हिप्पी मंडळी परतीच्या प्रवासखर्चासाठी आपले किडूकमिडूक तेथे विकत. १९८० नंतरच्या दशकात, आम्ही शाळकरी असताना, हाताने नावे लिहिलेली एक कॅसेट तेथून घरी आणली. घरात अभंग आणि नाट्यगीते यांखेरीज काही वाजत नसे. वडिलांनी दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “ह्याची सम कुठे आहे?” प्रश्न रास्त होता. बॅरेटच्या गाण्यात ओळ मनाला येईल तेवढी लांबते आणि ठेका तिच्यामागून धावतो. पुढे त्याच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रणांच्या वेळी साथीदारांची याच कारणाने त्रेधा उडाली. परंतु त्या गाण्यांत बडबडगीताचा निरागसपणा होता आणि त्यामागे गिटारच्या तारांवर सिगारेटचा लायटर फिरवून काढलेले, घुमत जाणारे सूर होते. त्या दिवसापासून आम्ही त्याचे भक्त झालो.

रॉजर कीथ बॅरेट हा ६ जानेवारी १९४६ रोजी केंब्रिज येथे जन्मला. मूळचा तो चित्रकलेचा विद्यार्थी. लंडनच्या कला महाविद्यालयात असताना तो मित्रांच्या वाद्यवृंदात आला आणि पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावे जोडून त्याने त्या वृंदाला ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव दिले. १९६७ साली त्याचे ‘सी एमिली प्ले’ हे गीत ब्रिटनच्या विक्रीयादीत सहाव्या स्थानी पोहोचले. ऑगस्टमध्ये निघालेल्या वृंदाच्या पहिल्या दीर्घ तबकडीतील बहुतेक गाणीही त्याचीच. वय अवघे एकवीस.

त्याच वर्षाच्या अखेरीस सारे विसकटले. एल. एस. डी. या मादक द्रव्याचे अतिसेवन होत होते. त्यामागे आणखी काय होते, याचे निदान आज दुरून करण्याचा अधिकार कोणालाही नाही. रंगमंचावर तो कधी एकच सूर छेडीत उभा राही, तर कधी गिटारच्या तारा सैल करीत बसे. जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला निघताना सहकाऱ्यांनी त्याला सोबत घेतलेच नाही. एप्रिलमध्ये फारकत जाहीर झाली. १९७० साली त्याच्या स्वतःच्या दोन तबकड्या निघाल्या, त्याही जुन्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने. मग तो आवाज हळूहळू थांबला.

भक्तांची खरी गोडी येथून सुरू होते. आम्ही गाण्यांपेक्षा कथाच अधिक जमविल्या. डोक्यावर केसांचे क्रीम व गोळ्यांचा चुरा थापून तो रंगमंचावर आला आणि दिव्यांच्या उष्णतेने त्याचा चेहरा वितळल्यासारखा दिसू लागला, ही कथा आम्ही कितीदा सांगितली असेल! ती सांगणाऱ्यांच्या बोलण्यात मेळ नाही, हे कळल्यावरही सांगितली. शून्यात पाहणाऱ्या त्याच्या डोळ्यांचे छायाचित्र आम्ही भिंतीवर लावले. ते डोळे एका आजारी तरुणाचे असू शकतील, हा विचार मनाला शिवलाही नाही.

वास्तविक शिवायला हवा होता. आमच्या वाड्यावर एक पेटीमास्तर होते. सारे भजन एकट्याच्या पेटीवर तोलून धरणारे हे गृहस्थ एके वर्षी सप्ताहाला आलेच नाहीत. दार लावून घरात बसू लागले. संध्याकाळी आम्ही मुले त्यांच्या दारावर थापा मारीत असू, “मास्तर, एक भैरवी!” म्हणून ओरडत असू आणि आत काही आदळले की हसत पळत असू. वडीलधारी मंडळी रागावत नसत. “अवलिया तो,” एवढेच म्हणत. त्यांना डॉक्टरकडे न्यावे, असे कोणाला सुचले नाही.

जून १९७५ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइडची मंडळी बॅरेटवरच रचलेल्या एका दीर्घ गीताचे काम करीत होती. डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस तेथे येऊन उभा राहिला. बराच वेळ त्याला कोणी ओळखले नाही. ओळख पटली तेव्हा सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते गीत जगाने डोक्यावर घेतले. तो माणूस मात्र पुढे केंब्रिजला आईच्या घरी परतला. रॉजर हे मूळ नाव त्याने पुन्हा धारण केले. तो चित्रे काढी आणि स्वतःच नष्ट करी, बाग राखी, सायकलवरून बाजारहाट करी. गतायुष्याची आठवण त्याला नकोशी होती. तरीही चाहते आणि वार्ताहर दार ठोठावीत राहिले, रस्त्यात गाठून छायाचित्रे घेत राहिले. ७ जुलै २००६ रोजी तो वारला. त्याच वर्षी त्याच्या चित्रांचा, घरसामानाचा, सायकलींचासुद्धा लिलाव होऊन एक लाखाहून अधिक पौंड जमले. हे सारे वाचताना आम्हांला मास्तरांचे दार आठवले.

कोणी म्हणेल, कला आणि विक्षिप्तपणा यांचे नाते जुनेच आहे. असेलही, परंतु प्रत्येकाचे बंद दार निराळे असते. ‘कॅप्टन बीफहार्ट’ या नावाने गाजलेल्या डॉन व्हॅन व्हिलीटने १९८२ साली संगीत सोडले ते चित्रकलेसाठी, समजून उमजून. टेक्सासचा रॉकी एरिकसन १९६९ साली किरकोळ गांजासह सापडला, तुरुंग टाळण्यासाठी त्याने वेडाचा बचाव घेतला आणि त्यापायी १९७२ पर्यंत त्याला मनोरुग्णालयात राहून विजेचे झटके सोसावे लागले. एकाची निवड, दुसऱ्यावरचा जुलूम आणि बॅरेटची व्यथा; आम्ही भक्तांनी मात्र तिघांना एकाच देव्हाऱ्यात बसवून ‘अवलिया’ हीच फुले वाहिली.

बॅरेटच्या जागी आलेला डेव्हिड गिल्मर याने एक साधी गोष्ट केली. बॅरेटच्या गाण्यांचे मानधन त्याला मिळत राहील, याकडे त्याने लक्ष पुरविले. त्या पैशांनी त्या शांत घराचा चरितार्थ चालला.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षे लोटली. त्यांची भैरवी पुन्हा कोणी ऐकली नाही. हणजुणची कॅसेट आम्ही अजून जपून ठेवली आहे. भिंतीवरचे छायाचित्र मात्र केव्हाच उतरविले. वाचकांच्या वाड्यावरही असा कोणी अवलिया असेल. त्याच्या दाराशी जायचेच असेल, तर तो जेवला काय, त्याला औषध मिळते काय, हे आधी विचारावे. गाण्याची फर्माईश मागाहून. आणि त्याने नको म्हटले, तर तीही नको.